स्यूरची करंगळी

तुफ्तेच्या शेतावर बिअर करायची ती पुरुषांनी. असा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण स्यूरच्या आजोबांनी केली, वडिलांनी केली, आणि स्यूर स्वतः बावन्न वर्षं दर सप्टेंबरात, मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या आठवड्यात, चुलघरात तांब्याचा हंडा चढवत आला होता. मुलगा असता तर त्याला शिकवलं असतं. झाली एकुलती एक मुलगी, गुन्वोर. तीही अशी मुखदुर्बळ, की गावच्या ग्रंथालयात बावीस वर्षं नोकरी करून तिला ‘शांतता राखा’ अशी पाटी कधी लावावी लागली नाही. तिच्याशी बोलणारा माणूस आपोआप कुजबुजायला लागे.

यंदा स्यूरला एकोणऐंशी पुरी झाली आणि गुडघ्याने दगा दिला. एरवी त्याने गुडघ्याला जुमानलं नसतं. पण चुलघराचा उंबरा उंच, हंडा दीडशे लिटरचा, आणि जावई लाइव माणूस भला असला तरी बिअरमधलं त्याला फक्त पिणं कळायचं. तेव्हा ऑगस्टअखेरच्या एका रविवारी जेवताना स्यूरने जाहीर केलं, की बिअर बंद. संग्रहालयवाल्यांशी फोनवर बोलणं झालंय, ते हंडा न्यायला गाडी पाठवताहेत. एवढं सांगून त्याने बटाट्यावर लोणी घेतलं आणि पुढे कोणी काही विचारू नये अशा चेहऱ्याने तो जेवत राहिला.

“मी करते,” गुन्वोर म्हणाली.

लाइवला वाटलं, ती भांडी घासण्याबद्दल बोलतेय. त्याने मान डोलावली. स्यूरला मात्र बरोबर कळलं. त्याने सुरी खाली ठेवली, आणि लेकीकडे बघून अट घातली. करून दाखव. मेंढ्या उतरल्या की शनिवारी लोक चाखायला येतील. त्यांनी दुसऱ्यांदा वाडगा मागितला तर हंडा तुझा. नाही मागितला, तर सोमवारी गाडी येतेच आहे.

गुन्वोरला बिअरची फार आवड होती असं नाही. पण लहानपणी यीस्ट घालायच्या वेळी तिला चुलघरात येऊ देत नसत, आणि ती बाहेर पायरीवर बसून फटीतून येणारी वाफ हुंगत असे. जुनिपरच्या झुडपाच्या ओल्या फांद्या, धूर, गोड माल्ट. तो वास आला की वर्ष कडेला लागलं असं तिला वाटायचं. हंडा संग्रहालयात काचेमागे गेला, तर या घराचा सप्टेंबरच जाईल, आणि तो गेलेला तिला चालणार नव्हता.

हंड्याखेरीज दुसरी इस्टेट म्हणजे बरणी. तुफ्तेचं यीस्ट फ्रिजमध्ये लोण्याशेजारी एका काचेच्या बरणीत असायचं, पिवळट, दाट, पिकल्या सफरचंदासारख्या वासाचं. इथल्या भाषेत त्याला क्वाइक म्हणतात. दुकानातल्या पुडीशी त्याचा संबंध नाही. या वर्षीच्या पिंपावरचा फेस पुढच्या वर्षाच्या पिंपाला, विरजणासारखं, आणि विरजणासारखंच ते घराघरातून मागून नेलेलं आणि परत आणलेलं. स्यूरच्या यीस्टचं वय स्यूरलाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी सहाला लाइवने चूल पेटवली. मग त्याने सासऱ्याला दोन्ही काखांत धरून उंबऱ्यापलीकडे नेलं आणि खुर्चीवर बसवलं, आणि तिथून स्यूर दिवसभर उंटावरून शेळ्या हाकत राहिला. फांद्या उलट्या घाल. पाणी अजून पिवळं झालं नाही. ढवळ, पण असं ढवळू नकोस. गुन्वोर गुपचूप सांगितलं तसं करत होती. हंड्यात जुनिपरचं पाणी उकळलं, ते मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर, म्हणजे माल्टवर, ओतलं, दोन तास झाकून ठेवलं, आणि मग तळाशी अंथरलेल्या फांद्यांतून तांबूस रस बादलीत ठिबकू लागला. तिने बोट बुडवून चाखलं. मधासारखा गोड, मागे जंगलाची चव. ती एकटीच हसली. लाइवने चाखला, पुन्हा चाखला, आणि तिसऱ्यांदा चाखायला गेला तेव्हा स्यूरने त्याला लाकडं फोडायला बाहेर पाठवलं.

रस चार तास उकळला. त्यात कडवटपणासाठी हॉप्सच्या फुलांची पुरचुंडी सोडली, मग सगळा रस लाकडी पिंपात ओतला आणि निवायला ठेवला. आणि इथे सगळं काम येऊन थांबतं. रस गरम असताना यीस्ट घातलं तर ते मरतं, गार झाल्यावर घातलं तर झोपून राहतं. धारोष्ण पाहिजे, गाईच्या आचळातून नुकतंच आलेलं दूध असतं तसं. लाइवने भाजलेल्या मांसात खुपसायचं थर्मामीटर आणून ठेवलं होतं. स्यूरने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लाइवने ते परत खिशात घातलं.

“तुफ्तेत थर्मामीटर लागत नाही,” स्यूर म्हणाला. “करंगळी लागते.”

त्याने खुर्ची पुढे घ्यायला लावली, बाही सरकवली आणि उजव्या हाताची करंगळी रसात बुडवली. डोळे मिटले. बावन्न वर्षं हेच बोट, हेच पिंप. लाइवने देवळात काढावी तशी टोपी काढली.

“झालं. धारोष्ण. ओत.”

गुन्वोरने त्याचं बघून आपलीही करंगळी बुडवली आणि झटकन बाहेर काढली. बोट लाल झालं होतं. “बाबा, अजून गरम आहे.”

“ग्रंथालयातली बोटं तुझी. कागदाखेरीज काय धरलंय त्यांनी? ओत म्हणतोय ना. आणि सगळी बरणी ओत, अर्ध्या मनाने काही करू नकोस.”

हे तिला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. बावन्न वर्षांपुढे तिची एक करंगळी काय सांगणार. तिने बरणी उपडी केली, आणि तळाला राहिलेलं चमच्याने खरवडून घातलं.

आता उरलं ओरडणं. यीस्ट घालताना दारं सताड उघडायची आणि पोटातून ओरडायचं. जेवढी आरोळी मोठी तेवढी बिअर कडक, हे या तळ्याकाठी लहान मूलही सांगेल. शिवाय तेच आमंत्रण. ज्याला आरोळी ऐकू आली तो चाखायला येणार, वेगळं कोणी बोलवत नाही. स्यूर ओरडायचा तेव्हा तळ्यापलीकडच्या गाई मान वर करायच्या.

गुन्वोरने दारं उघडली, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि शेजारीपाजारी दिवे लागलेले बघून तिला लाज वाटली. जे बाहेर पडलं त्याला ओरडणं म्हणायला मन मोठं लागलं असतं. पलीकडून एक कुत्रं शिष्टाचार म्हणून एकदा भुंकलं. लाइव सरपणाकडे बघत राहिला.

“यीस्ट कूस बदलेल एवढ्याने,” स्यूर म्हणाला. “उठेल असं वाटत नाही.”

पण तो हसत होता. पिंपाभोवती मेंढीची कातडी गुंडाळून झाली आणि लाइवने त्याला घरी नेलं तेव्हा तो कितीतरी वर्षांपूर्वीचं गाणं गुणगुणत होता.

क्वाइक आळशी नसतं. चार तासांत पिंप बोलायला लागतं, आत लापशी रटरटावी तसा आवाज येतो, आणि सकाळपर्यंत फेस झाकण उचलतो. गुरुवारी सकाळी सातला गुन्वोरने पिंपाला कान लावला. काही नाही. दुसऱ्या बाजूने लावला. तिकडूनही काही नाही. तिने झाकण उचललं. काळाशार रस, त्यावर एक बुडबुडा नाही, आणि तिच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब.

ती घरात जाऊन लाइवच्या कोटाच्या खिशातून थर्मामीटर घेऊन आली. सेहेचाळीस. रात्रभर निवूनही सेहेचाळीस. मग काल संध्याकाळी किती असेल? यीस्ट झोपलं नव्हतं. तिने त्याला जिवंत उकडलं होतं, बरणी खरवडून, चमच्याने.

ती लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसली आणि तिला एकेक आठवायला लागलं. ईस्टरला बाबांनी कॉफीची किटली फडक्याशिवाय चुलीवरून उतरवली होती आणि लाइव ‘काय हात आहेत’ म्हणाला होता. परवा उकळत्या पाण्यातला बटाटा त्यांनी हाताने काढला. डॉक्टर साखरेबद्दल, पायाच्या बोटांबद्दल काहीतरी बोलले होते. हाताच्या बोटांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. गुन्वोरला रडू आलं, आणि ते बिअरसाठी नव्हतं.

अंगणापलीकडच्या छोट्या घरात स्यूर एकटा राहायचा; तो तिथे खिडकीत बसला होता. त्याने काच वर केली. “बोलतंय का?”

“पुटपुटतंय,” गुन्वोर म्हणाली.

आयुष्यात बापाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. पण सांगणार काय? तुझ्या बोटाने तुझ्या आजोबांचं यीस्ट मारलं, हे? शनिवारी कोणी वाडगा परत मागितला नाही तर हंडा जाईल, आणि खरं सांगितलं तर बाबा जातील, आहेत तसे बाबा उरणार नाहीत. दोन्ही नको होतं. तिने पिंपावरची कातडी काढली, रस निवायला ठेवला, दुधाची रिकामी बरणी कोटाखाली घेतली आणि वरच्या रोक्ने शेताकडे चालू लागली.

रोक्नेची बोर्गिल्ड चौऱ्याहत्तर वर्षांची, नवऱ्यामागे एकटी शेत सांभाळणारी आणि जिभेला हाड नसलेली बाई. तिच्यात आणि स्यूरमध्ये अकरा वर्षं अबोला होता. अकरा वर्षांपूर्वी स्यूरची बिअर चाखून ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, की विहीर तुझ्या दारात आहे हे ठाऊक होतं, पण पिंपातही आहे हे ठाऊक नव्हतं. स्यूरने टोपी घातली आणि स्वतःच्याच घरातून उठून बाहेर गेला. तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही तळ्याकडे बघत.

बोर्गिल्ड चुलीपाशी उभी राहून पातेल्यात कोबी आणि मांसाचे थर लावत होती. गुन्वोरने हवापाण्याची चौकशी केली, गुरांची केली, कोबीची केली.

“ताकाला आलीस तर भांडं का लपवतेस?” बोर्गिल्ड म्हणाली. “काढ ती बरणी. काल काहीतरी ऐकलं मी. मला वाटलं दारात उंदराची शेपटी सापडली.”

“ती मीच,” गुन्वोर म्हणाली. “नीट ओरडले नाही. म्हणून यीस्ट उठलं नाही.”

बोर्गिल्डने पळी खाली ठेवली. पन्नास वर्षं बिअर करणाऱ्या बाईला हे कोणी सांगावं? “ओरडल्याने बिअर कडक होते. न ओरडल्याने यीस्ट मरत नाही. किती गरम होतं?”

“माझा आवाजच निघाला नाही.”

“करंगळी कोणाची होती?”

“आवाज माझा होता,” गुन्वोर म्हणाली, आणि खाली बघितलं.

करंगळी कोणाची ते बोर्गिल्डला कळलं. हाती आयतं कोलीत आलं होतं. अकरा वर्षं ज्या म्हाताऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवली, त्याची फजिती सगळ्या तळ्याकाठाला सांगायची नामी संधी. तिने फ्रिज उघडला, आपली बरणी काढली आणि अर्धं यीस्ट गुन्वोरच्या बरणीत ओतलं.

“हे काही माझ्या तोंडून बाहेर जायचं नाही,” ती म्हणाली. “पण एक आहे. माझं यीस्ट आजवर मुक्याने कुठल्या पिंपात उतरलं नाही. ओरडशील तर ने. आणि मला इथे ऐकू आलं पाहिजे, म्हणजे शनिवारी मला न बोलावता येता येईल.”

आता आली का पंचाईत. ओरडलं तर समोरच्या खिडकीतल्या बापाला कळणार की यीस्ट दुसऱ्यांदा घातलं. न ओरडता घातलं तर बोर्गिल्डला दिलेला शब्द मोडणार, आणि घातलंच नाही तर शनिवारी कोमट साखरपाणी. घरी येईपर्यंत गुन्वोरला काही सुचलं नाही. सुचलं ते दुपारी, वरच्या पायवाटेवर पहिली घंटा वाजली तेव्हा.

मेंढ्या उतरत होत्या. चारशे मेंढ्या, त्यांच्या घंटा, सहा कुत्री, आणि मागे शेजारचा हाल्वर आणि आणखी दहाजण, तीन दिवस डोंगरात भटकून घसे बसलेले, तरी ओरडणारे, आणि सकाळीच त्यांना जाऊन मिळालेला लाइव. कूम, कूम, कूम. या गोंधळात बाँब फुटला तरी वेगळा कळला नसता. थर्मामीटरने एकोणचाळीस दाखवलं. तिने करंगळी बुडवून ठेवली, नीट लक्षात राहावं म्हणून. दूध. अगदी दूध. मग कळप चुलघराच्या दारासमोर येईपर्यंत ती बरणी घेऊन थांबली, आणि तो आला तेव्हा बरणी ओतून तिने तोंड उघडलं.

तिने ठरवलं होतं बेताचंच ओरडायचं. पण कालपासूनची भीती, बाबांचं ते भाजलेलं न कळणारं बोट, सकाळचं खोटं आणि बावीस वर्षांची कुजबुज, सगळं एकदम दाराशी आलं आणि कोणी कोणासाठी थांबायला तयार नव्हतं. तो आवाज कुठून आला हे तिलाही कळेना. हंडा घुमला. कुत्री मटकन खाली बसली. चारशे मेंढ्या क्षणभर जागच्या जागी थिजल्या आणि मग चारी दिशांना उधळल्या, कुंपणावरून, कपड्यांच्या दोरीखालून, लाइवच्या पायांमधून, थेट सलगमाच्या शेतात.

त्यांना गोळा करायला दोन तास लागले. एक मेंढी चर्चच्या पायरीवर सापडली. गुन्वोर सगळ्यांना सांगत होती, की ती मेंढ्यांना बोलवत होती.

“पुन्हा बोलवू नकोस,” हाल्वर धापा टाकत म्हणाला. “स्वीडनला जातील.”

स्यूर खिडकीत बसून होता. काच वर केलेली होती. संध्याकाळी गुन्वोर जेवण घेऊन गेली तेव्हा त्याने मेंढ्यांबद्दल काही विचारलं नाही. बेसिनचा नळ उघडा राहिला होता, गरम पाण्याची वाफ आरशावर जमली होती. तिने तो बंद केला.

“बोलतंय का?” त्याने विचारलं.

“गप्प बसायला तयार नाही,” ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं. पिंप एवढ्या जोरात रटरटत होतं की भिंतीवरची पळी हलत होती. ती अर्धा तास त्याला कान लावून उभी होती. उगाच, आनंदाने.

शुक्रवारपर्यंत तळ्याकाठाने तिच्या दोन आरोळ्यांचा हिशेब लावला होता, आणि विचारणाऱ्याला गुन्वोर एवढंच सांगत होती, की बुधवारी आपलाच आवाज निघाला नाही. शनिवारी दुपारी चारला वीसेक माणसं अंगणात जमली. बोर्गिल्ड ठेवणीतला कोट घालून आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. स्यूर बाकावर बसला होता आणि मोकळी जागा फक्त त्याच्याच शेजारी होती. “बसते,” असं ती बाकाला उद्देशून म्हणाली. स्यूर तळ्याकडे बघत वीतभर सरकला. तळ्यातही त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं.

गुन्वोरने पिंपाची खुंटी काढली. बिअर जुन्या लाकडी वाडग्यात उतरली, गढूळ तांबूस, वर जरासा फेस. पहिला घोट घरातल्या वडीलधाऱ्याचा. स्यूरने वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला. थांबला. पुन्हा प्यायला. मग वाडग्यात बघत राहिला. गुन्वोरला सोमवारची गाडी डोळ्यांसमोर दिसत होती.

हाल्वरला शांतता सोसत नाही. “दोनदा ओरडावं लागलं म्हणे तुझ्या पोरीला,” तो म्हणाला. “बुधवारी यीस्टने एक डोळा उघडला, म्हणालं कोणी नाही, आणि परत झोपलं.”

सगळे हसले. गुन्वोरही हसली. “हो ना,” ती म्हणाली, “आवाजच निघाला नाही माझा. मीच घालवलं ते.”

बोर्गिल्डने भाकरी तोडून तोंडात कोंबली, म्हणजे तोंड कामात राहावं.

“आवाजाने नाही मेलं,” स्यूर म्हणाला.

त्याने वाडगा बाकावर ठेवला आणि उजवा हात वर धरला. करंगळीवर पांढरी पट्टी होती. गुन्वोरने ती आत्ता पाहिली.

“गुरुवारी ही ओरडली, तेव्हाच कळलं मला. मेंढ्यांना असं कोणी बोलवत नाही. मग मी बेसिनशी गेलो, गरम पाण्याचा नळ सोडला आणि हे बोट खाली धरलं, भिंतीकडे बघत. कधी भाजायला लागतं ते बघू म्हटलं. लागलंच नाही. खाली बघितलं तर फोड आलेला.” त्याने लाइवकडे मान वळवली. “दोन वर्षं मी या लाइवला सांगतोय की आपला नळ पूर्वीसारखा तापत नाही.”

“दोनदा बदलला मी तो नळ,” लाइव हळूच म्हणाला.

कोणी हसलं नाही, मग स्यूरच हसला, आणि त्याच्यामागे सगळे. पण त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. “तुफ्तेचं यीस्ट मी मारलं. हिने मला सांगितलं होतं गरम आहे म्हणून. आणि वर दोन दिवस माझ्यासाठी लोकांचं हसं सोसत होती. हे वाडग्यातलं आपलं नाही. रोक्नेचं आहे.”

“रोक्नेचं कुठलं?” बोर्गिल्डला आता राहवेना. “आमचं यीस्ट नासलं होतं त्या वर्षी तूच बरणी घेऊन आला होतास माझ्या नवऱ्याकडे, बर्फातून चालत. विसरलास? पन्नास वर्षं नांदली तुझी लेक आमच्याकडे. आता माहेरी आलीय, तर ओळख दाखव.”

स्यूरने वाडगा उचलून पुन्हा एक घोट घेतला, या वेळी सावकाश. “संत्र्याचा वास चढलाय तिला तुमच्याकडे.”

“सासरचं काहीतरी लागणारच.”

“वाईट नाही,” स्यूर म्हणाला.

अकरा वर्षांनंतर एवढं पुष्कळ होतं. पण बोर्गिल्ड अर्ध्यावर सोडणारी नव्हे. तिने विचारलं, आणि तेव्हाची? स्यूर तळ्याकडे बघू लागला, मग तिच्याकडे वळला. “पातळ होती,” तो म्हणाला. “त्या वर्षी माल्ट कमी पडलं होतं.” बोर्गिल्डने वाडगा त्याच्या हातातून घेतला, एका दमात रिकामा केला, ओठ पुसले आणि तो गुन्वोरपुढे धरला.

“भर परत,” ती म्हणाली.

वाडगा भरताना गुन्वोरचं लक्ष बापाकडे होतं आणि पाव वाडगा तिच्या बुटांवर गेला. तो फिरून आला आणि हाल्वरने मागितला, मग त्याच्या बायकोने, मग पिंपाभोवती अशी गर्दी झाली की दुसऱ्यांदा कोणी मागितला आणि तिसऱ्यांदा कोणी, याचा हिशेब सुटला. लाइवने कुठूनशी बाजाची पेटी आणली. बोर्गिल्डने पिंपाच्या कडेचा फेस चमच्याने दोन बरण्यांत काढला आणि एक तुफ्तेच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी नेऊन ठेवली, न विचारता, घर आपलंच असल्यासारखी.

स्यूरने जावयाला हाक मारून सांगितलं, की सोमवारी संग्रहालयवाल्यांना फोन कर, म्हणावं हंडा कामात आहे. मग त्याने गुन्वोरला शेजारी बसवलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिची करंगळी उलटसुलट करून पाहिली, बाजारात गाजर बघतात तशी.

“पुढच्या वर्षीपासून बोट हे,” तो म्हणाला. “ओरडायचं काम माझं. घसा अजून शाबूत आहे, आणि मेंढ्याही राहतील.”

“दोघं मिळून ओरडू,” गुन्वोर म्हणाली. अंगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली, बाजाची पेटीसुद्धा थांबली.

“केवढ्याने बोलतेस,” स्यूर म्हणाला. “बोट बहिरं झालंय माझं, कान नाहीत.”